झुंबर पेंटर आणि मान वळवणारी माणसं

झुंबर पेंटरच्या देवीला न घाबरणारा माणूस नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांत शोधून सापडला नसता. एकदा म्हणे एक क्लीनर ट्रकच्या आडोशाला बिडी ओढत होता. वर बघतो तर केबिनच्या कपाळावरून सप्तशृंगीची देवी थेट त्याच्याकडे बघते आहे. तो उठून पलीकडे गेला, तर तिथेही तीच नजर. गड्याने बिडी टाकली आणि त्या ट्रकजवळ पुन्हा कधी पेटवली नाही. ही गोष्ट झुंबर स्वतःच सांगायचा, आणि दर खेपेला त्यातला क्लीनर जरा जास्त घाबरलेला असायचा.

झुंबर मूळचा चांदवडकडचा. शाळेत असताना पाटीपेक्षा भिंतीच जास्त रंगवल्या, म्हणून बापाने त्याला धरून नाशिकला आणला आणि काळू उस्तादांच्या हाताखाली घातला. उस्ताद ट्रक रंगवायचे. त्यांची शिकवण दोनच गोष्टींची. पहिली, देवाचे डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, सकाळी आंघोळ करून, चहासुद्धा न घेता, आणि मालकाने नारळ फोडल्यावर. याला ते ‘डोळे उघडणं’ म्हणायचे. दुसरी, चेहरा समोरच पाहिजे.

“तोंड फिरवलेला देव कुणाच्या कामाचा रे?” उस्ताद म्हणायचे. “माणूस हात जोडून उभा, आन देव बघतोय शेजारच्या टायरवाल्याकडं!”

झुंबरने हे इतकं मनावर घेतलं, की त्याच्या हातून जे उतरायचं ते समोरच बघायचं. देवांचं ठीक होतं. पण केशकर्तनालयाच्या काचेवरचा भांग पाडलेला तरुण, हॉटेलाबाहेरचा बशीतून चहा पिणारा शेटजी, दूध डेअरीच्या बोर्डावरची म्हैस, सगळे आपले नाकासमोर बघत उभे. त्या म्हशीला एका म्हातारीने नमस्कार केला होता असं लोक सांगत. झुंबरला ती थट्टा वाटायची नाही, कौतुक वाटायचं.

एक्क्याण्णवच्या सिंहस्थात त्याला जेवायला फुरसत नव्हती. आखाड्यांच्या कमानी, पार्किंगच्या पाट्या, ‘लहान मुलांना सांभाळा’, ‘चपला येथे काढा’, सगळं ब्रशने. बारा वर्षांनी पुन्हा सिंहस्थ आला तेव्हा झुंबरने आधीच रंग भरून ठेवला, नवे ब्रश आणले, आणि वाट बघत बसला. शहरभर फ्लेक्स लागले. रात्रीत छापायचे, सकाळी टांगायचे. झुंबरच्या वाट्याला आल्या त्या चार-दोन नंबरप्लेटी आणि एक ‘येथे लघवी करू नये’.

त्याचा गुरुबंधू सावळीराम हुशार निघाला होता. त्याने ब्रश धुऊन माळ्यावर टाकले आणि फ्लेक्सचं दुकान काढलं. एके दिवशी तो झुंबरच्या टपरीवर आला, चहा पाजला आणि म्हणाला, “झुंबऱ्या, माझ्याकडं ये. फ्रेमा ठोकायला माणूस लागतोच मला. उन्हातान्हात शिडीवर चढायचं वय हाय का आपलं?” सावळीराम मनापासून बोलत होता, आणि तेच जास्त लागलं. टोमणा मारला असता तर झुंबरने दोन शिव्या घालून मन मोकळं केलं असतं. आता मात्र त्याला विचार करावा लागला.

घरी वेगळीच चित्रकला चालू होती. त्याची मुलगी सृष्टी पाचवीत होती. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे आणि ही टीव्हीसमोर. केबलवर जपानी कार्टून लागायची, पण त्यातली माणसं फर्डं हिंदी बोलायची. केस करवंदीच्या जाळीसारखे, डोळे आंब्याएवढे, नाक मोहरीएवढं. कार्टून संपलं की सृष्टी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर तशीच माणसं काढत बसायची.

“नाक कुठं सांडलं गं याचं?” झुंबर जाता जाता विचारायचा.

“पप्पा, त्यांचं तसंच असतं.”

“सर्दी झाली तर काय करत असतील बिचारे?”

सृष्टी जीभ दाखवायची आणि झुंबर हसत पुढे जायचा. त्या कागदांवरची पोरं मागे वळून बघत होती, वाकून काहीतरी शोधत होती, खांद्यावरून कुणाला तरी चिडवत होती. बापाचं लक्ष सांडलेल्या नाकाच्या पुढे कधी गेलंच नाही.

दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या आधी गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतून छायाताईंचं बोलावणं आलं. त्या आपल्या घराच्या खालच्या मजल्यावर बालमंदिर चालवायच्या. अंगणात एक लांबरुंद कोरी भिंत होती.

“झुंबरभाऊ, मुलांना हल्ली ती जपानी कार्टून फार आवडतात,” छायाताई म्हणाल्या. “तशी मोठ्या डोळ्यांची, खेळणारी सहा मुलं काढा. टीव्हीवरची नकोत, तुमची तुम्ही काढा. भिंत छान झाली तर आतल्या चारही खोल्या तुमच्याच.”

झुंबर हवेतच घरी आला. मोठे डोळे! अहो, डोळ्यांतच तर त्याची हयात गेली होती. सृष्टीने शाळेत सांगून टाकलं की माझे पप्पा कार्टूनची अख्खी भिंत काढणार आहेत. झुंबरने दिवस-दिवस खपून सहा मुलं रंगवली, शेवटच्या सकाळी आंघोळ करून उपाशीपोटी त्यांचे बारा डोळे उघडले, आणि खाली उतरून पाहिलं तर त्याचं त्यालाच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी बालमंदिरात दसऱ्याआधीचं पाटीपूजन होतं. मुलांनी पाट्या आणल्या, सरस्वती काढल्या, झेंडूची फुलं वाहिली. मग काय झालं, तर तिथल्या मदतनीस लताबाई उरलेली फुलं घेऊन अंगणात गेल्या, आणि त्या सहाजणांसमोर त्यांचे पाय आपोआप थांबले. रांगेत सरळ उभे, ताठ मानेचे, बारा डोळे थेट यांच्यावर रोखलेले. लताबाईंनी पदर खांद्यावरून घेतला, सहाही जणांना हळदकुंकू लावलं आणि पायाशी एकेक फूल ठेवलं. त्यांच्यामागून बालवर्ग आला. मुलांनी ओळीने हात जोडले. एकाने डब्यातला रव्याचा लाडू ठेवला, आणि थोड्या वेळाने प्रसाद म्हणून स्वतःच उचलून खाल्ला.

झुंबर शाबासकी घ्यायला आला तेव्हा छायाताई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. हसू आवरल्यावर मात्र त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

“भाऊ, रंगकाम सुरेख आहे, खोटं नाही बोलत. पण सकाळपासून कुणी अंगणात खेळायला जात नाहीये. चेंडू लागला तर पाप लागेल म्हणतात.”

झुंबरने भिंतीच्या पायाशी ठेवलेल्या फुलांकडे पाहिलं.

“पुढे दिवाळीची सुट्टी आहे,” त्या म्हणाल्या. “शाळा उघडायच्या आत ही मुलं खेळायला लागली तर बघू. नाहीतर मी सरळ फ्लेक्स लावून घेते.”

फ्लेक्स म्हणजे सावळीराम, आणि फ्रेम ठोकायला मग झुंबरच. स्वतःच्या भिंतीवर दुसऱ्याचं छापील चित्र टांगायला आपल्याच हातात हातोडा यायचा, हे त्याला घरी येईपर्यंत डोळ्यांपुढे दिसत राहिलं.

घरी त्याची बायको उज्वला बाजारातून नुकतीच आली होती. ती माहेरच्या मळ्यातली भाजी बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात, विकायची. मेथीच्या जुड्या सोडता सोडता तिने सगळी हकीकत ऐकली आणि लाडवाशी आल्यावर तिला हसू फुटलं.

“हस, हस,” झुंबर म्हणाला. “उद्यापास्नं मी सावळ्याकडं चाललो.”

“पप्पा,” सृष्टी हळूच म्हणाली, “तुमची मुलं मानच हलवत नाहीत. मागून कुणी हाक मारली तरी वळणार नाहीत, असं वाटतं.”

“चेहरा समोरच पाहिजे. उस्तादांची शिकवण हाय. देव कधी तोंड फिरवत नाय.”

“हो का?” उज्वला म्हणाली. “मग गडावरच्या देवीला जाऊन सांगा ना. ती तर मान कलती करून उभी आहे.”

“कोण म्हणतं?”

“कोण म्हणतं काय? समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पोथी वाचायचे, ती ऐकायला देवीनं मान कलती केली. शेंबड्या पोराला ठाऊक आहे. अहो, लग्नानंतर जोडीनं गेलो तेव्हा तुम्हीच तर माझ्याशेजारी उभे होतात!”

झुंबरने देव्हाऱ्यावरची सप्तशृंगीची तसबीर काढली, शर्टाने पुसली आणि दारातल्या उजेडात धरली. मान कललेली होती. थोडीशीच, पण चांगली दिसण्याइतकी कललेली होती. वीसएक वर्षं तो या देवीला ट्रकच्या कपाळावर काढत होता, आणि दर वेळी हाडवैद्याने बसवावी तशी तिची मान सरळ करत होता. झुंबर तसबीर घेऊन उंबऱ्यावरच बसला.

“पाप झालं की गं.”

“काही पाप नाही झालं. राग आला असता तर तिनं एखादा ट्रक घाटात थांबवला नसता?” उज्वला म्हणाली. “लेकराचं काम मायबाप चालवून घेतात.”

सृष्टी तसबिरीवर वाकली होती. “पप्पा, आपल्या देवीचे डोळे पण किती मोठे आहेत! आणि ती ऐकतेय म्हणून मान वाकडी आहे. कार्टूनमध्ये पण असंच असतं. उगाच कुणी नाही वळत.”

झुंबर तिच्याकडे बघतच राहिला. मान उगाच वळत नाही. काही कानावर येतं, काही दिसतं, कुणी बोलावतं किंवा कुणाकडे बघायचं नसतं, म्हणून ती वळते. आपल्या भिंतीवरच्या पोरांना कुणी हाकच मारली नव्हती! आणि याच वेळी त्याला आणखी एक गोष्ट दिसली. सृष्टी खाली वाकलेली होती, तर तिच्या डोळ्यांऐवजी पापण्या दिसत होत्या, नाकाचा शेंडा ओठाला टेकल्यासारखा वाटत होता, भांग केवढा तरी मोठा झाला होता. डाव्या कानामागे तीळ होता. एवढी दहा वर्षांची घोडी झाली पोर, आणि तो तीळ झुंबरने कधी पाहिला नव्हता. त्याला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त मजा वाटली.

“शिकव मला,” तो म्हणाला.

आता शिकवायचं म्हणजे सृष्टीलाही सगळं येत होतं असं नाही. टीव्हीवर पाहिलेली मान तिला काढता यायची, न पाहिलेली जमायची नाही. मनाने एखाद्याला आकाशात बघायला लावलं की त्याचं तोंड चेंगरलेल्या डब्यासारखं व्हायचं. बापलेकीने दोन दिवस कागद फाडले. तिसऱ्या दिवशी मखमलाबादहून सासरे खंडेराव भरताच्या वांग्यांचं पोतं घेऊन आले. झुंबरने सहज एक वांगं उचललं. वर काटेरी हिरवा देठ, खाली गुळगुळीत गोल चेहरा. केससुद्धा त्या कार्टूनवाल्यांसारखेच उभे!

त्याने फळीवरचा खडू घेतला. वांग्यावर वरून खाली मधोमध एक रेघ मारली, ती नाकाची. आडवी दुसरी मारली, ती डोळ्यांची. मग वांगं पुढे वाकवलं. आडवी रेघ खाली झोळ पडल्यासारखी वाकली, केसांचा पसारा वाढला, हनुवटी गायब झाली. मागे कलवलं तर तीच रेघ कमानीसारखी वर उचलली आणि चेहरा सगळा हनुवटीचाच झाला. जरा बाजूला वळवलं तर नाकाची रेघ कडेला सरकली आणि पलीकडच्या डोळ्याला जागाच पुरेना, तो चिंचोळा काढावा लागणार हे आपोआप समजलं.

“सृष्टे, बघ! वांगं खाली बघतंय!”

मग घरात वांग्यांची शाळाच भरली. झुंबरला आणखी एक उमगलं. देवीचं बुबुळ तो पूर्ण गोल काढायचा, भोवती पांढरं मोकळं, म्हणून ती नजर अंगावर यायची. हसणाऱ्याच्या डोळ्याला खालची पापणी वर ढकलते, रुसलेल्याचं बुबुळ वरच्या पापणीखाली अर्धं झाकलं जातं. “उज्वला, जरा रागावून दाखव,” तो म्हणाला. उज्वलाने ओट्यावर, पाटावर, खाटेवर पसरलेली वांगी पाहिली आणि तिला रागावायला सांगावं लागलं नाही. झुंबरने ती भुवई लगेच कागदावर उतरवून घेतली.

घोळ व्हायचा तो बुधवारी झाला. गडबडीत तोंडं काढलेली वांगीही पाटीत भरली गेली आणि गंगेवर पोचली. उज्वला खडू पुसायला लागली तर गिऱ्हाइकंच तिचा हात धरू लागली. एका बाईने वांगी खालीवर करून बघितली आणि सांगितलं, “मला ते हसरं द्या बाई. रडकं नको, भरीत बिघडायचं.” दुपारच्या आत पाटी रिकामी झाली. खंडेरावांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. “लोक वांग्यावर औषध मारत्यात,” ते म्हणाले, “आन आमचं जावई वांग्याला डोळे काढत बसलंय.” पण पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम गोल-गोल वांगी निवडून पाठवली.

दिवाळीची आंघोळ झाली आणि झुंबरने भिंतीवर पांढरा हात मारला. जुन्या सहाजणांना पुसताना त्याने आधी नमस्कार केला. मग पुन्हा सहा मुलं, पण या वेळी कशाला वळली आहेत ते ठरवूनच. एकजण आंब्याच्या झाडावरून ओरडतो आहे. खालचा मान मागे टाकून त्याच्याकडे बघतो आहे, नुसती हनुवटी आणि वासलेलं तोंड. एक मुलगी पळता पळता खांद्यावरून मागे बघते आहे, कारण मागचा तिला पकडणार आहे. एक त्या दोघांना हसतो आहे, इतका की त्याच्या डोळ्यांच्या नुसत्या कमानी झाल्या आहेत. आणि अगदी कोपऱ्यात, जमिनीलगत, एक मुलगी गुडघ्यांना मिठी मारून रुसून बसली आहे.

तिच्यापाशी गाडी अडली. बाकीच्यांचे डोळे झुंबरने नेहमीसारखे शेवटच्या सकाळी, आंघोळ करून उघडले. बुबुळातला पांढरा ठिपका सृष्टीने दिला, सगळ्यांना एकाच बाजूला, कारण ऊन एकाच बाजूने येतं. पण ही पोर खाली बघत होती. तिचे डोळे उघडायचेच नव्हते. नुसत्या पापण्या.

“डोळ्यांबिगर चेहरा?” झुंबर ब्रश धरून उकिडवा बसला होता. “माझ्या हातून आजवर असं काम गेलं नाय गं. लोक म्हणतील, पेंटर विसरला.”

“मी रुसते तेव्हा तुमच्याकडे बघते का?” सृष्टीने विचारलं.

झुंबरने एकदा लेकीकडे पाहिलं. मग पापण्या ओढल्या, भांग मोठा काढला, नाकाचा शेंडा ओठाजवळ आणला, आणि कुणाला न विचारता डाव्या कानामागे एक तीळ ठेवला.

शाळा उघडली त्या सकाळी तो फाटकाशी येऊन उभा राहिला. आत जायचा धीर होईना आणि घरी जाववेना. छायाताई दारात होत्या, लताबाई झाडू घेऊन पायरीवर. रिक्षा आल्या. मुलं आत शिरली आणि भिंतीसमोर थबकली. आता हात जोडतात की काय! तेवढ्यात एका पोराने मान मागे टाकून वर पाहिलं, झाडावर ओरडणारा कुणाला ओरडतो आहे ते बघायला. दुसरा ओरडला, “अरे पळ, तो पकडतोय!” आणि स्वतःच पळत सुटला. त्याच्यामागे चारजण धावले. कुणाचा तरी चेंडू धाडकन भिंतीवर आदळला आणि कुणालाही पाप लागलं नाही. लताबाई म्हणाल्या, “गेले वाटतं देव,” आणि झाडायला लागल्या.

“भाऊ, आतल्या खोल्या कधी सुरू करताय?” छायाताईंनी विचारलं.

झुंबरने मान डोलावली.

सगळ्यात शेवटी एक बारकी मुलगी आली. ती नवीन होती, आईचा पदर सोडत नव्हती, आणि रडण्याचा तिचा सूर गल्लीच्या टोकापासून ऐकू येत होता. आई कशीबशी हात सोडवून गेली. मुलगी हुंदके देत अंगणात उभी राहिली. मग तिला कोपरा दिसला. ती हळूहळू तिकडे गेली, त्या रुसलेल्या मुलीसमोर बसली, आणि तिचा चेहरा दिसेना म्हणून खाली वाकली. अजून वाकली. शेवटी गाल फरशीला टेकवून तिने खालून वर, त्या पापण्यांच्या आत बघितलं.

“काय झालं गं?” तिने विचारलं. “तुझी पण आई गेली?”

रडणं थांबलं होतं. चित्रातली मुलगी काही बोलणार नव्हती, हे दुसऱ्या कुणापेक्षा झुंबरला जास्त ठाऊक होतं. तरीही तो फाटकाशी उभा राहून, जरा पुढे वाकून, मान कलती करून ऐकत राहिला.